रासने मास्तरांचं वर्तुळ

रासने मास्तरांनी पोह्यांची बशी हातही न लावता बाजूला सारली, कापडी पिशवीतून लाकडी चौकटीची पाटी काढली आणि माझ्यासमोर सतरंजीवर ठेवली.

"एक चौकोन काढ," ते म्हणाले.

मी दादांकडे, म्हणजे वडिलांकडे, पाहिलं. दादांनी आईकडे पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं पोह्यांच्या बशीकडे पाहिलं. मीठ जास्त झालं असणार, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. यापूर्वी आमच्या घरी सात स्थळं येऊन गेली होती. कुणी मला गाणं म्हणायला लावलं, कुणी सुईत दोरा ओवायला लावला, एका गृहस्थांनी तर दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. चौकोन कुणी मागितला नव्हता.

"केवढा काढू?" मी विचारलं.

"हा प्रश्न बरा आहे. तुला वाटेल तेवढा. पट्टी नाही मात्र, हातानं."

ही गोष्ट सत्त्याहत्तर सालची, कराडची. दादांचं मंडईजवळ भांड्यांचं दुकान होतं. मी सत्तावीस वर्षांची होते आणि पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. साहेबांनी काढलेल्या नकाशावर मेणकापड अंथरायचं आणि खालची रेघ जशीच्या तशी वर उतरवायची, एवढंच काम. पहिल्याच वर्षी कालव्यावरच्या एका मोरीच्या नकाशात मला भिंत थोडी तिरकी दिसली. मी ती ट्रेस करताना सरळ केली. तिसऱ्या दिवशी मेमो आला. आमचे मुख्य आरेखक मानेसाहेब म्हणाले, "वेळापुरे बाई, मूळ नकाशात चूक असली तर ट्रेसिंगमध्ये तीच चूक आली पाहिजे. चूक सुधारणारे वेगळे लोक आहेत, त्यांना पगार वेगळा आहे." त्यानंतर सहा वर्षांत मी एकही रेघ सरळ केली नव्हती.

हे काम मला मनापासून आवडायचं, आणि खरी अडचण तीच होती. आलेल्या सातही स्थळांना मी पसंत होते, नोकरी पसंत नव्हती. सातव्या वेळी मीच नाही म्हटलं, तेव्हापासून आई माझ्याशी मोजकं बोलत होती. आणि मग साताऱ्याहून रासने मास्तरांचं पत्र आलं. ते हायस्कुलातून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक, एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांचे जुने परीक्षक. मुलगा अच्युत, कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. पत्रात लिहिलं होतं, 'मुलीच्या नोकरीस आमची हरकत नाही. मुलीचा हात कसा चालतो ते मात्र बघू.' साताऱ्याच्या ऑफिसात अनुरेखकाची एक जागा रिकामी आहे, हे मी त्याच दिवशी मानेसाहेबांना विचारून घेतलं होतं. मुलगा बघायच्या आधी मी जागा बघून ठेवली होती, हे कबूल करायला आता काही हरकत नाही.

तर मी चौकोन काढला.

मास्तरांनी चष्मा लावून पाहिला. "रेघा चांगल्या आहेत. कोपरे भित्रे आहेत. कोपऱ्याशी आलीस की तू थांबतेस, मग वळतेस. कोपऱ्याला घाबरायचं नाही. चौकोन आपण माणसांनी काढलाय, निसर्गात शोधून सापडायचा नाही. आता त्रिकोण."

त्रिकोण काढला.

"हा बरा. त्रिकोणाचं एक आहे, तो हलत नाही. चार पट्ट्यांचा चौकोन कर आणि ढकल, कलेल. तीन पट्ट्यांचा ढकलून बघ. म्हणून छपराच्या कैचीत त्रिकोण असतात." त्यांनी वर आमच्या छपराकडे मान केली. दादांनीही वर पाहिलं. तीस वर्षं त्या छपराखाली राहून त्यांनी कैची बहुधा पहिल्यांदाच पाहिली.

अच्युत त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला होता. अंगानं किरकोळ, कानांवर केस आलेले. तो छपराकडे पाहत नव्हता, वडिलांच्या कपातल्या चहाकडे पाहत होता. चहाला साय धरली होती. मास्तरांचा उजवा हात मांडीखाली होता. म्हाताऱ्या माणसाची बसायची पद्धत असेल, असं मला वाटलं.

"आता वर्तुळ," मास्तर म्हणाले.

मी उठले.

"कुठं निघालीस?"

"वाटी आणते."

"वाटी कशाला?"

"पालथी घालून कडेनं पेन्सिल फिरवते. आमच्या दुकानातली आहे, काठ पक्का गोल आहे."

दादा नको तिथे खूश झाले. "ठोक्याची वाटी आहे मास्तर. काठात केसाचा फरक निघायचा नाही."

"वाटीचं वर्तुळ वाटीचं असतं," मास्तर म्हणाले. "त्यात तुझं काय? पस्तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, ही चोरी आहे. वाटी, बांगडी, डबीचं झाकण, सगळं मी वर्गात जप्त केलंय. बस खाली. मधे एक बिंदू आहे असं मनात धर आणि त्याच्यापासून सगळीकडं सारखं अंतर ठेवत हात फिरव. वर्तुळात कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. निघालीस तिथंच परत यायचं, एवढंच आहे."

मी बसले आणि हात फिरवला. जे आलं ते बटाट्यासारखं दिसत होतं.

"बटाटा," मास्तर म्हणाले.

आईनं दारातून माझ्याकडे असं पाहिलं की भाकरी जळली तरी ती तसं पाहत नाही. नोकरीला हरकत नसलेलं एवढं एकच घर, आणि ते एका बटाट्यापायी हातचं जाणार, हे मला उघड दिसत होतं.

"अप्पा, राहू दे की," अच्युत पहिल्यांदाच बोलला. "आपल्याला गाडी गाठायचीय."

"गाडी पाचची आहे. आण ती पाटी इकडं. मी काढून दाखवतो." त्यांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. मग मांडीखालचा उजवा हात बाहेर काढला, आणि तेव्हा मला दिसलं. हात थरथरत होता. थोडासा नाही, चांगला थरथरत होता. पोहे आणि चहा तसेच का राहिले ते कळलं.

त्यांनाही कळलं की आम्हाला दिसलंय. "हे असंच असतं आताशा," ते सहज म्हणाले. "चमचा धरवत नाही, कप धरवत नाही. पण पेन्सिल हातात आली की हात थांबतो. सवय आहे त्याला. बघच."

त्यांनी पेन्सिल घेतली, पाटीच्या डाव्या अर्ध्या भागात टेकवली आणि फिरवली. अगदी झोकात फिरवली, मनगट न टेकवता, वर्गातल्या फळ्यावर पस्तीस वर्षं फिरवली असेल तशी.

हात थांबला नव्हता. रेघ तीन ठिकाणी आत बसली होती, उजवीकडे फुगली होती आणि शेवटी जिथून निघाली तिथं पोचलीच नव्हती. मधे ज्वारीच्या दाण्याएवढी फट राहिली होती.

"वा," दादा म्हणाले.

"वा, अप्पा," अच्युत म्हणाला. तो इतक्या पटकन म्हणाला की हे त्याचं रोजचं असणार हे माझ्या ध्यानात आलं. मास्तर समाधानानं मागे टेकले.

"आता तू काढ. शेजारीच काढ. अस्संच काढायचं. अगदी अस्सं, फरक नको."

आता इथं मी काय केलं ते नीट सांगायला हवं, कारण पुढं आमच्या घरात त्याचा बराच विपर्यास झाला. वर्तुळ काढ म्हटलं की माझा हात बावरतो. पण समोर रेघ असली आणि ती उतरव म्हटलं की तोच हात निवांत होतो. वर्तुळ हा शब्द मी विसरून गेले. मी रेघ बघत गेले. इथं आत, मग जरा बाहेर, इथं लहानशी थरथर, तिथं फुगवटा. सांगितलं होतं अगदी अस्सं, फरक नको. मानेसाहेबसुद्धा याहून वेगळं सांगत नसत. मी एक दाणा फट ठेवून पेन्सिल उचलली आणि ऑफिसातल्या सवयीनं पाटी फिरवून मास्तरांच्या पुढ्यात सरळ करून ठेवली.

आई दारातून दोन पावलं आत आली. दादा पाटीकडे वाकले आणि तसेच वाकून राहिले. अच्युतनं डोळे मिटून घेतले. मी कुणाची तरी नक्कल केली आहे, हे मला तेव्हा कुठं समजलं.

मास्तरांना मात्र काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी चष्मा पुसून लावला, पाटी मांडीवर घेतली आणि परीक्षकाच्या थंडपणानं उजवीकडच्या आकृतीवर बोट ठेवलं.

"हे वर्तुळ नाही. हे बघ, इथं बसलंय. इथं, आणि इथं. या बाजूला पोट आलंय. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जुळलेलं नाही. घराबाहेर पडलेला माणूस परत घरी आला नाही तर काय उपयोग? पन्नासपैकी मी याला अकरा देईन. ते सुद्धा पाटी स्वच्छ ठेवलीस म्हणून."

पाटी फिरवली तेव्हा डावीकडचं त्यांचं वर्तुळ उजवीकडं गेलं होतं.

"आता शेजारचं बघ," ते म्हणाले आणि बोट डावीकडं नेलं. "यात काय फरक आहे तो तूच—"

बोट थांबलं, म्हणजे जागच्या जागी थरथरत राहिलं. ते एका आकृतीवरून दुसरीवर गेलं, परत पहिलीवर आलं. तिन्ही खड्डे जागच्या जागी होते. पोट होतं. फट होती. मास्तरांनी पाटी डोळ्यांजवळ नेली, मग हात लांब करून धरली.

"यातलं माझं कुठलं?" त्यांनी विचारलं.

दादा दुकानातले हुशार माणूस, ते लगेच म्हणाले, "मास्तर, चहा गार झाला, दुसरा करायला सांगतो."

"अच्युत, माझं कुठलं?"

अच्युत पाटीकडे न बघता म्हणाला, "मला नाही सांगता यायचं, अप्पा."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑफिसात कुणी विचारलं, मूळ कुठलं आणि ट्रेसिंग कुठलं, तर अनुरेखकाला उत्तर द्यावंच लागतं. तिथं 'मला माहीत नाही' चालत नाही. पण मी ऑफिसात नव्हते, आणि गप्प बसले असते तर चाललं असतं. त्यांचा तो चेहरा बघून मला गप्प बसवेना.

"तुम्ही आत्ता मार्क दिलेत ते," मी म्हटलं.

मंडईतून कुणी टोपली आदळल्याचा आवाज आला.

मास्तरांनी पाटी मांडीवर उतरवली. मग मुलाला म्हणाले, "किती दिवस?"

"दोन वर्षं होत आली."

"दोन वर्षं. आणि आठ मुलींना मी हे काढून दाखवलं."

"होय."

"सगळ्या वा म्हणाल्या."

"होय, अप्पा."

"तूही म्हणालास."

"तुम्ही पाटी ठेवून दिली असती," अच्युत म्हणाला. "मग घरात नुसतं बसला असता. मला ते बघवलं नसतं."

मास्तरांनी यावर मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. पाटी पुसण्यासाठी त्यांनी फडकं उचललं, पण पुसली नाही. तशीच पिशवीत घातली. दोन खेपांत ती पिशवीत जाईना, तेव्हा अच्युतनं पिशवीचं तोंड धरून ठेवलं. उठताना ते दादांना म्हणाले, "कळवतो." कळवतो म्हणजे काय ते सात स्थळांनंतर आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

चपला घालताना अच्युत क्षणभर मागं राहिला. मला वाटलं रागावेल.

"कुणीतरी सांगायला हवं होतं," तो हळूच म्हणाला. "माझ्यानं झालं नाही." आणि वडिलांच्या मागोमाग गेला.

ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत आईनं कळ काढली. "म्हाताऱ्या माणसाची थट्टा करतात व्हय गं? हात लटलटतो त्याचा, दिसत नव्हतं तुला? तसंच काढून दाखवलंस. वर आणि मार्कांचं बोललीस."

"त्यांनी अस्संच काढ म्हणून सांगितलं."

"सांगितलं म्हणून काय झालं? तुला दुसरं चांगलं गोल काढता येत न्हवतं?"

"नव्हतं येत. तेच तर झालं."

दादा दुकानात गेले. मी सतरंजीच्या कडेला पडलेला पेन्सिलीचा तुकडा उचलला. मला फार वाईट वाटत होतं. आधी साताऱ्याच्या जागेचं वाटलं, ते खोटं कशाला सांगू. मग रात्री जेवताना पाण्याचं भांडं उचललं, ते हातात अगदी स्थिर राहिलं, आणि तेव्हा मास्तरांचं वाटलं. त्या माणसाकडे एक गोष्ट उरली होती, ती मी पन्नासपैकी अकरावर आणून ठेवली होती.

बारा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. दादांनी ते दुकानातच उभ्यानं वाचलं, मग घरी येऊन बसून वाचलं, मग आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्षर वाकडंतिकडं होतं, वाचायला वेळ लागत होता. वरच्या अर्ध्या भागात तीन आकृत्या काढलेल्या होत्या. एक चौकोन, एक त्रिकोण, एक वर्तुळ. तिन्ही चोख. खाली लिहिलं होतं:

'चौकोन व त्रिकोण पट्टीने काढले आहेत. वर्तुळ वाटीने. वाटी अच्युतच्या कैलासवासी आईची आहे. पहिल्या पाच खेपा वाटी सरकली, सहावीला जुळले. ही चोरी आहे हे माझे मत अजून बदललेले नाही. वर्तुळ मात्र बरे आले आहे असे वाटते. घरातल्या कुणाला विचारण्यात अर्थ नाही, म्हणून चि. प्रमिलाकडे पाठवीत आहे. तिने पाहून मत कळवावे.'

"यात होकार कुठं आहे?" दादा म्हणाले. त्यांनी कार्ड उलटं करून पत्त्याच्या बाजूलाही पाहिलं.

मी कार्ड खिडकीपाशी नेलं. ऑफिसच्या पिशवीतलं भिंग काढून वर्तुळाच्या कडेनं सगळीकडून फिरवलं, जोड जिथं होता तिथं दोनदा पाहिलं. मग दादांच्या दुकानातलं एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'जुळले आहे. पन्नासपैकी सत्तेचाळीस. तीन मार्क वाटीचे कापले.'

उलट टपाली मास्तर स्वतः आले, मुहूर्त काढूनच. आईनं पोहे न करता शिरा केला आणि तो अच्युतनं वडिलांना आमच्यासमोर चमच्यानं भरवला. मास्तरांनी दोन्ही हात उघडे मांडीवर ठेवले होते.

मला साताऱ्याची जागा मिळाली. अप्पा पुढं अकरा वर्षं होते. संध्याकाळी गल्लीतली पोरं पाट्या घेऊन त्यांच्याकडं यायची. नव्या पोराच्या पाटीवर पहिल्या दिवशी तीन आकृत्या काढून द्यायच्या, ही त्यांची पद्धत मोडली नाही. चौकोन आणि त्रिकोण मी काढायचे, एव्हाना कोपऱ्याशी थांबायचं सोडलं होतं. वर्तुळ आम्ही दोघं मिळून काढायचो. ते वाटी पालथी घालून वरून तळव्यानं दाबून धरायचे आणि मी कडेनं पेन्सिल फिरवायचे. तळवा दाबून धरला की त्यांचा हात खरंच थांबायचा. पोरांच्या आया बघायला उभ्या असल्या की म्हणायच्या, "वा मास्तर, अजून हात काय गोल फिरतो." ते म्हणायचे, "हात नाही, वाटी आहे. आणि फिरवते ती सूनबाई."

शेवटच्या पावसाळ्यात दाबून धरायचीही ताकद उरली नव्हती. शेजारच्या पवारांची मुलगी पाटी घेऊन आली. अप्पांनी अंथरुणातच बसून वाटीवर तळवा ठेवला, मी पेन्सिल फिरवली, शेवटी शेवटी वाटी जराशी सरकली. अच्युत उशाशी उभा होता, मुलीची आई दारात होती. अप्पांना आता नीट दिसतही नव्हतं.

"वा," मुलीची आई म्हणाली.

अप्पांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं.

"प्रमिला, जुळलं का?"

अच्युतनं माझ्याकडं पाहिलं. नजरेत तेच 'वा' होतं, आमच्या कराडच्या घरातलं. मी पाटी उजेडात धरली.

"नाही, अप्पा," मी म्हटलं. "ज्वारीच्या दाण्याएवढं राहिलं."

"मग पूस," ते म्हणाले आणि वाटी चाचपू लागले. "पुन्हा काढू."